दूधराज कसा ओळखावा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर म्हटले की लोकांना वाघच आठवतो. पांढरकवडा-घाटंजीकडच्या त्या जंगलाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि आता दूरदूरचे लोक वाघासाठी येतात. माझा जीव मात्र एका लहानशा पाखरात अडकला आहे. ते म्हणजे दूधराज. पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. त्याला बघायला तिकीट लागत नाही; गर्द सावलीचा, पाणी टिकणारा नाला असला की तो गावाजवळही येतो.

पांढरा नर एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. डोके काळेभोर, त्यावर तुरा, अंग दुधासारखे आणि शेपटीची दोन पिसे वीतभराहून लांब, फितीसारखी लहरणारी. घोटाळा होतो तो पुढेच. काही नर तांबूस असतात, शेपटी तशीच लांब. मादी तांबूस, गळा राखी, शेपूट आखूड. कोवळा नरही तसाच. घाईत बघणारा त्यांना बुलबुल म्हणून मोकळा होतो. पण बुलबुलाच्या बुडाशी लाल ठिपका असतो, यांना नसतो. शिवाय दूधराज फांदीवरून झेप घेऊन उडती माशी हवेतच धरतो. आवाज म्हणाल तर अगदी कर्कश, त्या रूपाला न शोभणारा!

उन्हाळ्यात दुपार कलली की डोहाजवळ गप्प बसावे. तो फांदीवरून पाण्यात बुडी मारतो, वर येतो, पुन्हा बुडी.

मे ते जुलै त्याचे घरट्याचे दिवस. गवत-काड्यांचा पेला, वरून कोळ्याच्या जाळ्याचे लिंपण. नरही अंडी उबवतो. तेव्हा ती लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबते.

आणि नेमके याच दिवसांत आपल्याकडे नाला खोलीकरणाचे जेसीबी येतात. पाणी हवेच, त्याला कोण नाही म्हणेल? पण काठची जांभळे-करंज आधी जातात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वावराजवळच्या करंजावर घरटे होते. शेजारच्या काकांना मी नेऊन दाखवले. ते बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले, "खालच्या अंगानं सुरू करू. इकडं पाखरं उडाल्यावर पाहू." अंडी घातल्यापासून पिल्ले उडायला साधारण महिना लागतो. इकडे मशीन आले तोवर पाऊस लागला. करंज अजून उभा आहे, काठ मात्र खालून अर्धा मोकळा झालाय.