कैलासावरचे ऊन

छायाचित्राचा भाव त्यातील वस्तूइतकाच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाने ठरतो, याबद्दल छायाचित्रकारांत फारसा मतभेद नाही. परंतु सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासाभराचा काळ, ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तेवढाच चित्र टिपण्याजोगा असतो, ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. तिची परीक्षा घेण्यास वेरूळच्या कैलास लेण्याइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल, कारण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कळसापासून पायाकडे कोरत आणलेले हे पश्चिमाभिमुख मंदिर तीन बाजूंनी कातळाने वेढलेले आहे आणि त्यामुळे दिवसाचा प्रत्येक प्रहर त्यावर वेगळ्या वाटेने उतरतो.

सूर्य क्षितिजालगत असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या कितीतरी जाड थरातून येतात. त्या प्रवासात निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबूस-पिवळा उरतो. प्रकाशाच्या या रंगछटेला रंगतापमान म्हणतात आणि ते केल्विन या एककात मोजतात: भर दुपारचे ऊन सुमारे 5500 केल्विन, मावळतीचे 3000 किंवा त्याहूनही कमी, तर केवळ निळ्या आभाळाकडून येणारा सावलीतला प्रकाश 7000 च्याही पुढे. आकडा जितका लहान तितकी छटा उबदार, हे उलटे वाटले तरी ध्यानात ठेवावे.

सकाळी पूर्वेकडचा कडा सूर्याला अडवून धरतो, म्हणून कैलासाच्या प्रांगणात तेव्हा फक्त आभाळाचा निळसर, सर्व बाजूंनी सारखा येणारा प्रकाश असतो. त्याला ठळक सावली नसते, आणि सावलीवाचून कोरीवकामाची खोली डोळ्यांना जाणवत नाही, परिणामी चित्रात मंदिर अलिप्त, काहीसे दूरचे दिसते. दुपार कलल्यावर मात्र पश्चिमेचे तिरपे ऊन उत्तर-दक्षिण भिंतींना घासत जाते, प्रत्येक उठावामागे सावली धरते, आणि जोत्यावरचे हत्ती जणू आताच कातळातून बाहेर पडत आहेत असे भासते. पुढे सूर्य आणखी खाली गेला की प्रवेशद्वाराच्या भिंतीची सावली प्रांगण व्यापते आणि ऊन जोत्यावरून मंडपावर, मंडपावरून शिखरावर चढत जाते. खाली अंधारलेले आणि वर तांबूस उजळलेले मंदिर हे सर्वांत जास्त टिपले जाणारे दृश्य आहे, आणि त्याच्या सौंदर्याविषयी शंका नाही.

तरीही तेवढ्यावर थांबणे हा लेण्यावर अन्याय आहे. वेरूळ उत्तर अक्षांश 20 अंशांवर असल्याने मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच विरते. त्या दिवसांत काळा बेसॉल्ट भाजून निघतो, कंगोऱ्यांखाली काळ्या कडा उमटतात आणि मूर्तींच्या डोळ्यांच्या खोबणी अंधाराने भरतात. पुस्तकी दृष्टीने हा प्रकाश टाकाऊ असला, तरी वरून खाली कातळ फोडत उतरलेल्या कारागिरांच्या श्रमांची कठोर बाजू याच उन्हात दिसते, आणि सोनेरी प्रकाश ती झाकून टाकतो. पावसाळ्यात ढग सूर्याचा प्रकाश साऱ्या आभाळभर पसरवतात, तेव्हा भिजलेल्या पाषाणाचा रंग गडद होतो आणि एरवी चकाकीत हरवणारे बारीक छिन्नीकामही वाचता येते.

प्रकाशाची निवड साधनावरही अवलंबून असते, हे इतिहास सांगतो. जेम्स फर्ग्युसन यांच्या 1864 च्या ग्रंथात भारतातील कोरीव लेण्यांची छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांची आहेत. त्या काळच्या काचेच्या पट्ट्या मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत, त्यामुळे आज ज्या तांबूस प्रकाशासाठी माणसे ताटकळतात तो त्यांना जवळजवळ दिसतच नसे. आजचा कॅमेरा तो पाहतो, पण स्वयंचलित ‘व्हाइट बॅलन्स’, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठी छटा दुरुस्त करण्याची सोय, चालू असेल तर सांजेची ऊब आणि सकाळची निळाई दोन्ही पुसट होतात. म्हणून ही सोय बंद करून दिवसाच्या उन्हाची स्थिर मात्रा ठेवणे केव्हाही चांगले.

कैलासाकडे जाणाऱ्या छायाचित्रकाराने संध्याकाळच्या एका चित्रासाठी धावत येण्यापेक्षा तिथे पूर्ण दिवस द्यावा आणि दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवू नये. लेणी मंगळवारी बंद असतात; इतर दिवशी ती सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खुली असतात.