शुक्रवारीच का निघायचं

नागपूर,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाळास,


तुझा निरोप मिळाला. नागपूरहून मुंबई आता आठ तासांत गाठता येते, मग अजिंठ्यापर्यंत जाऊन यायला आत्या सहा दिवस का लावते, आणि निघायचं ते शुक्रवारीच असा तिचा हट्ट का, असं तू विचारलंस.

शुक्रवारचं उत्तर सोपं आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. रविवारी वेरूळला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून वेरूळ सोमवारी आणि अजिंठा मंगळवारी, एवढाच क्रम आपल्या सोयीचा उरतो. तिथून मागे मोजत आलं की घरातून निघायचा वार शुक्रवार येतो. परतीत मंगळवारी रात्री शेगावला मुक्काम केला की गुरुवारची गर्दी सुरू व्हायच्या आत दर्शन होतं आणि बुधवारी संध्याकाळी आपण घरी.

सहा दिवसांचं उत्तर मात्र लांब आहे.

परवा तू फोनवर तुझ्या लेकीला सांगत होतास, मी अजिंठा लहानपणीच पाहिलाय. तुझ्या बाबांच्या अल्बमात तसा फोटोही आहे. आपल्या अण्णांच्या खांद्यावर तू, मागे लेण्याचं दार. त्या फोटोत तू झोपलेला आहेस. तेव्हा तू जेमतेम साडेतीन वर्षांचा होतास. मे महिना होता, अण्णांना मिळून चार दिवसांची रजा, आणि आपण सगळे भाड्याच्या ट्रॅक्समधून निघालेलो. उन्हाच्या आत जास्तीत जास्त अंतर कापायचं म्हणून पहाटे दोनला पोरांना उचलून गाडीत टाकलं. अमरावती, अकोला, खामगाव करत तो जुना रस्ता, ट्रकमागे ट्रक. निम्मी मुलं ओकून दमली, उरलेली रडून. तू दिवसभर जागा राहिलास आणि लेण्यांच्या पायऱ्या सुरू झाल्या तसा झोपलास. अण्णांनी तुला खांद्यावर घेऊनच सगळं पाहिलं. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. त्या काळी रजा तेवढीच, पैसे तेवढेच आणि रस्ता तसा. रात्रीचा दिवस केल्याशिवाय कुठंच पोचता येत नसे. पण तुझ्या बहिणीला त्या प्रवासातलं आठवतं ते फक्त जीपच्या मागच्या बाकाला झोंबणारं ऊन, आणि तुला तर काहीच नाही.

म्हणून मला वाटतं, मुलांना एखादी जागा दाखवायची असेल तर ती जागा येईपर्यंत त्यांच्या अंगात जीव शिल्लक राहिला पाहिजे. सगळी आखणी मी या एका गोष्टीभोवती केली आहे.

आता रस्त्याविषयी. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. आपल्या नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघतो आणि भिवंडीजवळ आमण्याला संपतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पदरी, मध्ये सिग्नल नाही, गाव नाही, दुचाकींना परवानगी नाही, कारला ताशी १२० ची मर्यादा. तुमच्या जर्मनीतल्या रस्त्यांची सवय असलेल्या माणसाला हे आवडेल. पण सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो, टायर तापून फुटतात, आणि वेगात झालेली चूक सावरायला वेळ मिळत नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासून आपल्या घरात ठरलंय, या रस्त्यावर रात्रीची गाडी नाही. आपण डिसेंबरात जाणार, तेव्हा सहाच्या आत अंधारून येतं, म्हणजे पाचला आपण मुक्कामी हवेत.

लोकांना वाटतं, या रस्त्यानं माणूस मुंबईला लवकर पोचतो. मला त्याचा मोठा उपयोग वेगळाच दिसतो. जिथे पोचायला पूर्वी दिवस मोडायचा, तिथे आता तीन तासांत पोचता येतं. वाचलेला वेळ पुढच्या किलोमीटरवर न घालवता मुलांना देता येतो. दिवसाला गाडीतले चार तास, फार तर पाच. त्यापुढे तुझा चार वर्षांचा धाकटा बसणार नाही आणि बरोबर येणाऱ्या आपल्या सोनीचं दीड वर्षाचं बाळ तर नाहीच.

शुक्रवारी सकाळी पहिला थांबा सेवाग्राम. वर्ध्याजवळ समृद्धीवरून उतरायचं. गांधीजी १९३६ साली या गावी राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती, बसायची चटई आणि साप पकडून रानात सोडायचा लाकडी चिमटा, हे सगळं अजून तिथे आहे. मोठ्या माणसांना कुटीतली शांतता भावते; लहानांना साप न मारता सोडून देणारा माणूस कळतो. त्यांच्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. वर्ध्याचा गोरसपाक घेऊन पुढे निघायचं. दुपारचं जेवण घरचंच. सांबारवडी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दही-भात आणि संत्री. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरात असतातच, आणि गाडीत मळमळणाऱ्या मुलाला संत्र्याची फोड पुष्कळदा आराम देते.

संध्याकाळच्या आत लोणार. इथे मी मुद्दाम दोन अर्धे दिवस ठेवले आहेत, कारण ही जागा तुझ्या मोठीसाठी आहे. तेरा वर्षांच्या मुलीला देवळं दाखवत फिरवलं की ती कानात यंत्र घालून बसते. तिला विचार करण्याजोगं काही दिलं तर तीच पुढे चालते. दख्खनच्या काळ्या बसाल्टात उल्का आदळून झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे पावणेदोन किलोमीटर. पाणी खारटही आणि अल्कधर्मीही. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग आला. त्याच वर्षी रामसर पाणथळींच्या यादीत त्याचं नाव गेलं. विवराच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही. जुन्या मोजणीनं सुमारे बावन्न हजार वर्षं, नंतरच्या मोजणीनं साडेपाच लाखांहून जास्त. तिला दोन्ही आकडे सांग आणि एवढा फरक का पडला असेल ते शोधायला लाव. खाली उतरण मोठ्यांनाही दमवते, म्हणून शनिवारी सकाळी तीन मोठी मुलं, तू आणि सोनीचा नवरा तेवढे उतरा. आम्ही लहानांना घेऊन वर गोमुखाच्या धारेशी आणि दैत्यसूदनाच्या देवळात थांबू. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे हा आग्रह मी सोडला आहे. निम्मे प्रवास त्यातच बिघडतात.

तिथून संभाजीनगरच्या वाटेवर सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथे लखुजी जाधवांच्या वाड्यात झाला. सोनीचा मोठा यंदा चौथीत आहे. ‘शिवछत्रपती’चं पुस्तक त्याला तोंडपाठ. वाड्यात सगळ्यांना माहिती सांगायचं काम त्याचं, आणि तो बोलताना मोठ्यांनी मध्ये दुरुस्त्या करायच्या नाहीत. तुझी मुलगी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, पण इथे तो तिला सांगणारा होईल. एकत्र न्यायची मुलं वेगवेगळ्या वयांची असली की कुणीतरी एक सारखं पुढे आणि दुसरं सारखं मागे राहतं. प्रत्येकाला कुठेतरी पुढे राहायला मिळावं, एवढं मी पाहिलंय.

रविवार संभाजीनगरात रिकामा आहे. यादीत तुला तो चुकून सुटलेला वाटेल, पण तो मुद्दाम ठेवलाय. आंघोळी, कपडे धुणं, बाळाची दुपारची झोप. ज्यांना हौस असेल त्यांनी देवगिरीच्या किल्ल्यावर जावं, अंधारी वाट मोठ्या पोट्ट्यांना फार आवडेल. लहानांना पाणचक्की पुरे. दुरून जमिनीखालच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर ती चालत असे.

वेरूळला ३४ लेणी आहेत. आपण त्यातलं एकच नीट बघायचं, सोळावं, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळी एका सलग खडकातून वरून खाली कोरत आणलेलं. शिखर आधी, पाया शेवटी. सात वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की तो तिथल्या तिथे मान वर करून बघायला लागतो. धाकट्याला देवळाच्या जोत्याखालचे हत्ती मोजायला द्यायचे. वेळ उरला तर जैन लेणी, नाही उरला तर नाही. जेवून लगेच निघून फर्दापूरला मुक्काम, म्हणजे मंगळवारी मुलं ताजी असताना अजिंठा उघडल्या उघडल्या आत जाता येईल.

अजिंठ्याला स्वतःची गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावरून बस घ्यावी लागते. तुझ्या बाबांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी डोली मिळते, ती घ्यायला त्यांना तू पटव, माझं ते ऐकत नाहीत. १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्यानं खांबावर आपलं नाव कोरून ठेवलंय. ते मुलांना दाखव, आणि तसं का करायचं नाही तेही सांग. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अंधूक उजेडात दिसतो, डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं उभं राहावं लागतं. त्या दोन मिनिटांसाठी मुलं झोपलेली आणि भुकेली नसावीत, एवढ्यासाठी मी चार दिवस आधीपासून बेत आखतेय. सव्विसाव्या लेण्यातला निजलेला बुद्ध धाकट्याला दिसेलच, तो केवढा मोठा आहे ते तोच तुला सांगेल. एकच्या सुमारास निघालो की बुलढाणा, खामगाव करत उजेडात शेगाव. भक्तनिवास स्वच्छ असतो, बाळाला गरम पाणी मिळतं, आणि शेगावची कचोरी मिळाल्याशिवाय तुझे बाबा परतीला गाडीत बसणार नाहीत.

बुधवारी अकोला-अमरावती रस्त्यावर सोनीच्या मधल्याला एक गोष्ट सांगायची राखून ठेवली आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्याचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याला आकड्यांचं वेड आहे. ज्या रस्त्यानं तू लहानपणी रडत गेलास, त्याच वाटेवर तो मजेत मोजत बसेल.

गाडी एकच मोठी करावी, सगळे एकत्र राहू, असं तुझ्या बाबांचं म्हणणं. मी त्याला नाही म्हटलं. भाड्याच्या ट्रॅव्हलरमध्ये बाळाची सीट घट्ट बांधता येईल असे पट्टे बहुधा नसतात. दोन मोठ्या कार करायच्या, दोघेही चालक ओळखीचे, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांनी गाडी बदलायची. तिकडे जर्मनीत बारा वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटीमीटर उंचीपर्यंत मुलांना त्यांच्या सीटमध्ये बसवावंच लागतं, तुला सांगायला नको. आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा त्याच्या सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे. तरी लोक बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसतात. घरातल्या मोठ्यांना मी बोलून ठेवलंय, आपल्याकडे ते चालणार नाही. इथे भाड्याच्या गाडीबरोबर मुलाची सीट क्वचितच मिळते. धाकट्याची सीट तू तिकडूनच आण, आणि ती सामानात कशी घेतात ते तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारून घे. सोनीच्या बाळाची मी इथे घेते.

लोणार आणि फर्दापूरच्या खोल्या नाताळच्या सुट्टीत लवकर भरतात. तुझ्या तारखा पक्क्या झाल्या की त्याच दिवशी कळव, मी पैसे भरून टाकते.

तुझी,
आत्या