गाव आधी येतं, तालुका शेवटी

मी लिहिलेलं ऑस्मॉसिसचं एक प्लगिन एका संस्थेच्या सर्व्हरवर पडून आहे. ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही, हे मला अजूनही पचलेलं नाही.

ऑस्मॉसिस म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा चाळणारा, कापणारा, जोडणारा जावा प्रोग्रॅम. कमांड लाइनवर टास्क एकामागे एक लावायच्या. वेगळं काही हवं असेल तर स्वतःची टास्क प्लगिन म्हणून लिहायची. त्याचा सांगाडा छोटासाच असतो. संस्थेची मागणीही साधी होती: प्रत्येक गावाला त्याच्या तालुक्याचं नाव जोडा. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव किती, हे काय सांगायचं!

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑस्मॉसिसमधून डेटा वाहत जातो. आधी सगळे नोड म्हणजे बिंदू, मग वे म्हणजे रेषा, शेवटी रिलेशन म्हणजे त्यांचे गट. गाव बहुधा नोड असतं आणि तालुक्याची हद्द रिलेशन. म्हणजे गाव समोरून जातं तेव्हा तालुका आलेलाच नसतो, आणि तालुका येतो तोवर गाव पुढच्या टास्ककडे निघून गेलेलं असतं. बरं, तालुका आला तरी हाती काय लागतं? रिलेशनमध्ये वेंचे क्रमांक, वेमध्ये नोडचे क्रमांक. अक्षांश-रेखांश फक्त नोडपाशी, आणि ते तर केव्हाच गेले! सगळे नोड मेमरीत धरावेत म्हटलं, तर ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा विभागवार देणाऱ्या जिओफॅब्रिकची फाइल अख्ख्या पश्चिम विभागाची, गुजरात-गोव्यासकट. जावाचा हीप, म्हणजे त्याला दिलेली मेमरी, पुरेना. आधी नोड, शेवटी रिलेशन हा नियम करणाऱ्यांचा मला भयंकर राग आला होता.

शेवटी काम दोन फेऱ्यांत विभागलं. पहिल्या फेरीत फक्त हद्दींची रिलेशन, त्यांचे वे आणि त्या वेंना लागणारे नोड गाळून एक छोटी फाइल काढायची. दुसऱ्या फेरीत प्लगिन सुरू होतानाच ती फाइल वाचतं, जेटीएस लायब्ररीने बहुभुज बांधतं आणि समोर येणारं गाव कुठल्या बहुभुजात पडतं ते पाहून टॅग लावतं. टॅग लावण्याआधी नोडची बदलता येणारी प्रत मागून घ्यायची, कारण तोच नोड दुसऱ्या टास्ककडेही जात असू शकतो. हे जमलं आणि तोच नियम मला सुंदर वाटू लागला. साऱ्या जगाची फाइल साध्या मशीनवर चाळता येते ती डेटा असा वाहता ठेवल्यामुळेच.

मग मी म्हटलं, हा कोड खुला करू या. उत्तर आलं: संस्थेच्या पैशातून झालेलं काम बाहेर जाणार नाही. कुठला पैसा? गावं नकाशावर टाकली स्वयंसेवकांनी. ऑस्मॉसिस लिहिणाऱ्यांनी ते सार्वजनिक मालकीचं म्हणून सोडून दिलं. या सगळ्यावर आम्ही थोडा कोड चढवला, आणि कुलूप लावायचं ते त्यालाच! डेटा ओडीबीएल परवान्याखाली असल्याने नकाशावर श्रेय तरी द्यावं लागतं. ऑस्मॉसिसच्या कोडला तेवढंही बंधन नाही. कायद्याने संस्था बरोबर आहे, आणि तेच जास्त झोंबतं.

रागाच्या भरात मला वाटलं, ऑस्मॉसिसला जीपीएलच हवा होता, वाटलेला कोड खुला ठेवायला लावणारा परवाना. पण तो असता तर या संस्थेने ऑस्मॉसिसला दारातही उभं केलं नसतं, आणि माझं काम सुरूच झालं नसतं. यावर माझं मन अजून ठरत नाही. असलं काम घेणाऱ्यांनी कोडची मालकी कुणाची, हे आधीच करारात लिहून घ्यावं. दोन फेऱ्यांची रीत मात्र कुणाच्या मालकीची नाही. ती वर दिली आहे, खुशाल वापरा.