वाळवंटातला वारकरी

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे ॲरिझोनात गेले होते. महाविद्यालयात मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली असली, तरी पक्ष्यांविषयीचे माझे ज्ञान कवितेतल्या पक्ष्यांपुरतेच. त्यामुळे तिने शनिवार सकाळच्या पक्षिनिरीक्षणाच्या फेरीत आम्हा दोघींची नावे नोंदवली, तेव्हा मला फारसा उत्साह वाटला नाही. शिवाय आमच्यात एक जुना अबोला होता, बोलण्याआड लपवलेला. २०२१ च्या मे महिन्यात आई गेली, तेव्हा बहिणीला येता आले नाही. कारणे मला ठाऊक होती. तेव्हा ती साऱ्या जगालाच ठाऊक होती. तरीही त्या रात्री फोनवर मी तिला म्हणाले होते, "तू आता इथली पाहुणीच."

फिनिक्सच्या आग्नेयेला गिल्बर्ट नावाचे गाव आहे. हा सोनोरन वाळवंटाचा प्रदेश. फिनिक्सला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. अशा ठिकाणी सुमारे ११० एकरांच्या परिसरात सात तळी आहेत, कडेने पाणकणसाची दाटी आहे, मेस्किटची झाडे आहेत. पण हे पाणी नदीचे नव्हे. घराघरांतून वाहून गेलेले सांडपाणी शुद्ध करून या तळ्यांत सोडतात. ते सावकाश जमिनीत मुरते आणि भूजलाला मिळते. तळी पाळीपाळीने भरतात आणि पाळीपाळीने आटू देतात. म्हणून एकात बदके पोहत असतात, तर शेजारच्या तळ्याच्या चिखलात लांब पायांच्या पक्ष्यांची पंगत बसलेली असते. सांडपाणी म्हटल्यावर माझा हात नकळत पदराकडे गेला होता. दुर्गंधी कुठेच नव्हती.

आमच्या वाटाड्या बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका होत्या. त्या हलक्या आवाजात बोलत, आणि बोलण्यापेक्षा थांबत अधिक. या खोऱ्यातून पूर्वी सॉल्ट नदी वाहत असे. १९११ मध्ये तिच्यावर रूझवेल्ट धरण पूर्ण झाले, पुढे आणखी धरणे आणि कालवे झाले, आणि शहरातले तिचे पात्र बहुतेक काळ कोरडे राहू लागले. "ही तळी म्हणजे त्या नदीची भरपाई नव्हे," त्या म्हणाल्या, "पण पक्ष्यांना उतरायला जागा तर हवी."

त्यांनी प्रत्येकीच्या हाती एक छापील यादी दिली होती. तीत पक्ष्यांचे वर्ग पाडलेले: बारमाही रहिवासी, हिवाळी पाहुणे, वाटसरू. 'पाहुणे' हा शब्द बहिणीने मला मराठीत समजावून सांगितला आणि क्षणभर थांबली. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

आपल्याकडे हिवाळ्यात येणारे थापट्या आणि तलवार बदक तिथेही होते, अगदी त्याच जातीचे. आपल्या शेकाट्याचा एक भाऊबंद होता. ताडाच्या झाडांवर गुलाबी तोंडाचे छोटे पोपट कलकलत होते. मुळात ते नैर्ऋत्य आफ्रिकेतले. इथे पिंजऱ्यांतून सुटले आणि वाढले. त्यांना कोणत्या वर्गात घालायचे, असे कुणीतरी विचारले. बाई हसून म्हणाल्या, "त्यांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही."

इतक्यात बहिणीने माझा दंड धरला. "ताई, वारकरी!"

पाण्यावर एक काळा पक्षी होता. चोच पांढरी, कपाळावरही तशीच पांढरी खूण, आणि तिच्या वरच्या टोकाला तांबूस ठिपका. आपल्या वारकऱ्याहून जात वेगळी, पण गंध लावल्यासारखे ते कपाळ ओळखू येत होते. मला मात्र नाव आठवले नव्हते. ते बहिणीला आठवले.

"आईने उजनीवर दाखवला होता," ती म्हणाली. "भीमेचं पाणी पुढे पंढरपूरला जातं, म्हणून हा इथे वारकरी, असं म्हणायची."

आईचे माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. ते घर, अंगण, चिंच सारे त्या पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. आईचे घर कधी दिसले नाही. त्या पाण्याकडे पाठ फिरवण्याचा तिला अधिकार होता. ती मात्र दर हिवाळ्यात आम्हांला काठावर घेऊन जाई आणि पक्षी दाखवी. मी तेव्हा पुस्तक वाचत बसत असे.

मी बाईंना विचारले, हा वारकरी कोणत्या वर्गातला? त्या म्हणाल्या, दोन्ही. काही इथे बारा महिने राहतात, थंडीत उत्तरेकडून आणखी येतात आणि त्यांत मिसळतात. "रहिवासी कोणता आणि पाहुणा कोणता, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. मला तीस वर्षांत जमलं नाही."

बहिणीने ते मला मराठीत सांगितले नाही. तेवढे इंग्रजी मला येत होते, हे तिला ठाऊक होते.

परतताना तिने यादीतल्या त्या नावापुढे देवनागरीत 'वारकरी' असे लिहिले. फोनवरच्या त्या वाक्याबद्दल मी काही बोलू शकले नाही. गाडीत बसल्यावर एवढेच विचारले, "आई आणखी कोणती नावं सांगायची गं?" घर येईपर्यंत ती आठवून आठवून सांगत होती, आणि मी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होते.