जुनी गाडी आणि तेलाची गळती

घरात जुनी मोटारसायकल असली की तिच्याखाली तेलाचा डाग असणारच, असे आपण धरून चालतो. अंगणात एक गोणपाट टाकले की विषय मिटतो. डाग कपड्यांना लागू लागला किंवा गाडी घाटात बंद पडली, म्हणजे मग गॅरेजची आठवण होते.

आमची गाडी १०० सीसीची, चार-स्ट्रोक, वीस वर्षांची. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. ते गेल्यावर ती आमच्याकडे आली. आम्ही दोघेही शिक्षक, एकाची शाळा उर्दू, दुसऱ्याची मराठी. दापोली तालुक्यातल्या चढउतारांवर दोन्ही शाळा वेळेवर गाठून देणारी ही एकच गोष्ट आमच्या दारात उभी असते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनाची उजवी बाजू काळी ओली दिसू लागली आणि डावीकडून मागच्या रिमवर तेलाचे शिंतोडे आले. उजवीकडचा प्रश्न पैशांचा होता, डावीकडचा जिवाचा. ओल्या वळणावर मागच्या टायरला तेल लागलेले असेल तर ब्रेक कितीही चांगला असून काय उपयोग?

गॅरेजवाल्याने गाडीकडे उभ्या उभ्या पाहिले. "सर, इंजिनच खोलावं लागेल. बोअर-पिस्टन पण करून घ्या. नाहीतर विकून टाका." खर्चाचा जो आकडा त्याने सांगितला, तेवढ्यात गाडी विकली गेली असती की नाही, शंकाच होती. आम्ही गाडी घरी आणली.

तेल किती राहिले आहे, हे सर्वांत आधी पाहायला हवे. पूर्वीच्या राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्यात तेल पेट्रोलमध्ये मिसळून टाकत, ते जळून जाई. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि चार-स्ट्रोक गाडी घरोघरी पोहोचली. पण इंजिनातले तेल तपासायची सवय सगळ्या घरांत पोहोचली नाही. या लहान इंजिनांत तेल एक लिटरपेक्षाही कमी बसते. ९०० मिलिलीटरची एक बाटली, आणि तिच्यावर इंजिन, गिअर, क्लच या तिघांचा संसार. त्यातले पाव लिटर गळाले म्हणजे चौथा हिस्सा गेला, आणि ते सांगणारा लाल दिवाही या गाड्यांवर सहसा नसतो. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडला लावावी, दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावी, थोडे थांबून काडी पुसून पाहावी. या जातीच्या बहुतेक गाड्यांत काडी नुसती टेकवायची असते, आट्यांवर फिरवायची नसते. फिरवली तर ती खोल जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसते. तेल कमी होते आहे पण डाग कुठेच नाही आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, असे असेल तर ती गळती नाही. तेल आत जळते आहे, आणि तेव्हा बोअर-पिस्टनचे बोलणे खरे असू शकते. आमच्याकडे धूर नव्हता.

मग धुणे. डिझेल, जुना ब्रश, साबणाचे पाणी, आणि एक अख्खा रविवार. इंजिन पार कोरडे झाल्यावर त्यावर टाल्कम पावडर शिंपडली. पावडर अम्मींची, घामोळ्यांची, आणि त्या डब्याचा हिशोब अजून चालू आहे. गाडी वाडीपर्यंत नेऊन आणली आणि टॉर्च लावून पाहिले. ज्या क्लच कव्हरचे पॅकिंग गेले असे सगळे म्हणत होते, त्याच्या कडेला पावडर पांढरीशुभ्र होती. काळी रेघ वरून, हेडवरच्या टॅपेटच्या झाकणापासून निघून ब्लॉकच्या पात्यांमधून खाली आली होती. तेल खाली वाहते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. सातवीतल्या मुलाचा अपूर्णांक चुकतो आणि तपासत गेले की सातचा पाढाच कच्चा निघतो, तसलाच हा प्रकार.

झाकणाखालची रबराची ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बांगडीसारखी कडक झाली होती. नवीची किंमत तीस रुपये. ती बसवताना जोर लावायचा नाही. इंजिन ॲल्युमिनियमचे, आटे एकदा गेले की तीस रुपयांचे काम हजारांवर जाते. वरून सिलिकॉनचा थर थापण्याची रीतही आम्हाला पसंत नाही. आत निघालेला त्याचा तुकडा तेलाच्या वाटेत अडकू शकतो.

डावीकडचे काम मात्र हाताबाहेरचे होते. पुढच्या स्प्रॉकेटचे कव्हर काढले तर आत वर्षांची माती आणि चेनचे ग्रीस यांचा लगदा. तो खरवडल्यावर स्प्रॉकेटच्या शाफ्टभोवती पातळ, ताजे तेल पाझरताना दिसले. ऑइल सील गेला होता. काही इंजिनांत हा सील आतून अडकवलेला असतो, तिथे इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही. आमचा बाहेरून निघणारा होता. शेजारच्या गावातल्या एका वयस्क मिस्त्रींनी तो काढला, नव्याच्या ओठाला तेलाचे बोट लावले, आणि त्याच मापाच्या गोल सॉकेटने चारी बाजूंनी सारखा ठोकत बसवला. मग चेन बोटाने दाबून म्हणाले, "एवढी कोण ताणतं? असा ओढला शाफ्ट तर नवा सीलही वर्षात जाईल." चेन त्यांनी सैल करून दिली. इंजिनाची हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी मातीने बुजलेली होती, तीही फुंकून मोकळी केली. ती बंद असली की आतला दाब वाढतो आणि जिथे सील कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मजुरी धरून सगळा खर्च पाचशेच्या आत राहिला.

आणखी एक सांगायचे राहिले. आपल्याकडे काढलेले तेल परड्यात किंवा गटारात ओततात. कोकणात परडे आणि विहीर यांत अंतर ते किती! आम्ही ते डब्यात भरून मिस्त्रींनाच देतो. त्यांच्याकडून जुने तेल गोळा करणारा घेऊन जातो.

या पावसाळ्यात मागचे टायर कोरडे राहिले. किकच्या शाफ्टपाशी अजून थोडी ओल दिसते. तो सील आणून ठेवला आहे, बसवायचे दिवाळीच्या सुट्टीत ठरले आहे. तोवर दर रविवारी काडी पाहतो.