भिवंडीचें बंदर

मुंबईहून नाशिकास जातांना आम्ही उभयतां कार्तिकी पौर्णिमेस भिवंडीस भाच्याकडे एक दिवस राहिलों. वाटसरूंस भिवंडी म्हणजे मालमोटारींची गर्दी व यंत्रमागांचा अहोरात्र खडखडाट एवढेंच ठाऊक. तेथें मुद्दाम उतरून कांहीं पाहावें असें कोणी म्हणत नाहीं. आमचें कारण निराळें होतें. इ. स. १६५७ त शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली व मराठ्यांच्या आरमारास तेथें आरंभ झाला, हें आम्हीं तीस वर्षें वर्गांत सांगितलें. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, नकाशांत भिवंडीजवळ समुद्र नाहीं, मग जहाजें कोठें बांधलीं?" उत्तर आम्हांस येत नव्हतें. "परीक्षेंत विचारतील तेवढें लिही," असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

सकाळीं भाच्यास म्हटलें, "आम्हांस बंदर दाखव." तो हंसला. "मामा, बंदर मोहल्ला आहे, बंदर कुठलें?" तरी निघालों. दाट वस्तींतून वाट काढीत कामवारीच्या कांठीं पोंचलों, तों ओहोटीची वेळ. मध्यें काळपट पाण्याची बारीक धार, दोहों बाजूंस चिखल, व त्यांत साऱ्या गांवाचा कचरा. पौर्णिमेच्या स्नानाची मनांतली गोष्ट सौभाग्यवतीनें ओठांवर येऊं दिली नाहीं. पदर नाकास लावून ती परत फिरली. त्या मुलाचेंच म्हणणें खरें, असें आम्हांस वाटूं लागलें. मग वऱ्हाळादेवीच्या तळ्यावर जाऊन देवीचें दर्शन घेतलें, तेव्हां कोठें घरचें मन निवळलें.

दुपारीं कल्याणास दुर्गाडीवर गेलों. किल्ला असा फार उरलेला नाहीं. परंतु टेकाडावरून खालची खाडी दिसतांच आमच्या मनांतील नकाशा पालटला. उल्हासाची ही खाडी पश्चिमेस जाते. ठाण्याच्या बाजूस तिला एक अरुंद फांटा फुटून तो मुंबईच्या बंदराकडे वळतो, आणि मोठा ओघ घोडबंदरावरून वसईस समुद्राला मिळतो. भिवंडीची कामवारीही याच पाण्यांत येते. म्हणजे समुद्र दूर, पण त्याची भरती दारापर्यंत. पहिल्या शतकांतील ग्रीक नाविकाच्या 'पेरिप्लुस' ग्रंथांत कल्याणचें नांव आहे तें याच बळावर. आंत असल्यामुळें बंदर वादळापासून निर्धास्त. अडचण एवढीच कीं, मुखाशीं वसईंत पोर्तुगीज बसलेले. महाराजांचीं जहाजें बांधणारा रुई लैतांव व्हियेगस हाही त्यांच्यांतलाच. १६५९ त वसईच्या अधिकाऱ्यांनीं त्यास माणसांसह फितवून नेलें. तरी आरमार झालेंच. वसई मराठ्यांनीं घेतली ती १७३९ त, ऐंशी वर्षांनंतर! हे सारे सन आम्हांस तोंडपाठ होते. पाणी तेवढें ठाऊक नव्हतें.

१८५४ त आगगाडी कल्याणास आली, भिवंडी बाजूस राहिली, आणि गलबतांवरचा माल हळूहळू रुळांवर गेला. आज गांवाभोंवतीं कोसच्या कोस गोदामें आहेत व देशोदेशींचा माल त्यांत येऊन पडतो. पण तो सारा रस्त्यानें.

परततांना, ऊन कलल्यावर, आम्हीं हट्टानें पुन्हा कामवारीवर उतरलों. सकाळचा चिखल कोठेंच नव्हता. पाणी कांठोकांठ चढलें होतें, आणि त्याचा ओघ चक्क उलटा, गांवाकडे चालला होता. एक म्हातारा जाळें सांवरीत बसला होता. आम्ही सकाळीं येऊन गेलों हें कळल्यावर तो म्हणाला, "सकाळी काय बघणार, मास्तर? पुनवेचं पाणी दुपारनंतर बघावं."

सौभाग्यवतीनें वांकून बोटें भिजवून डोळ्यांस लाविलीं. भाचा घाई करीत होता. त्या मुलाचें आडनांव आम्हांस तेथेंच आठवलें. नांव आठवावयास मात्र घरापर्यंतची वाट लागली.