वजनाचा रकाना

वॉशिंग्टन राज्यातल्या होह नदीच्या काठी डिसेंबरात दिवस उगवत नाही, अंधार थोडा पातळ होतो इतकंच. आठ वाजून गेलेले असतात. सिट्का स्प्रूसच्या फांद्यांवरून रात्रीचा पाऊस ठिबकत असतो, मेपलच्या अंगावरचं शेवाळ भिजलेल्या घोंगडीसारखं लोंबत असतं, आणि मी मांड्यांपर्यंतच्या पाण्यात उभा राहून, बोटं काखेत खुपसून ऊब शोधत असतो. पाणी जेमतेम चार-पाच अंशांचं. वेडर्समधून ते आत येत नाही, त्याची थंडी मात्र येते. मग दोन्ही हातांनी लांब काठी उचलायची, दोर पलीकडच्या काठाकडे तिरका फेकायचा आणि पुढचं पाण्यावर सोपवायचं. पिसांनी मढवलेल्या गळाला प्रवाह अर्धवर्तुळ काढत आपल्या काठाला आणून सोडतो. मग दोन पावलं खाली. पुन्हा फेक, पुन्हा दोन पावलं. दिवसभर एवढंच.

इथे स्टीलहेडला हजार फेकींचा मासा म्हणतात. हा आकडा नवख्यांना धीर देण्यासाठी सांगत असावेत. अकरा हिवाळ्यांत मला सात लागले. हिशोब मी केलेला नाही, करणारही नाही.

स्टीलहेड म्हणजे समुद्र पाहून आलेला रेनबो ट्राउट. जात एकच. एकाच मादीच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांतलं एखादं आयुष्यभर ओढ्यातच राहतं, हातभरही वाढत नाही. त्याचं भावंड दोनेक वर्षांनी अंगावर चांदी चढवून खाली निघतं, उत्तर पॅसिफिकमध्ये दूरवर भटकतं, आणि आणखी दोन-तीन वर्षांनी आपल्याच नदीच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. कुणी राहायचं आणि कुणी निघायचं, हे तर घरोघरी चाललेलंच असतं. आमच्यातला धाकटा महाडला राहिला, मी सिअ‍ॅटलला आलो. तोंडाशी जाऊन उभं राहणं मला अजून जमलेलं नाही.

हा मासा वर चढतो म्हणून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वलगण आठवली. पहिला मोठा पाऊस झाला, वहाळ तांबडे झाले, की रात्री मामा कंदील आणि कोयता घेऊन निघायचा. मासे उलट्या धारेवर, भातखाचरांत चढत असायचे. सकाळी ओटीवर घमेलं भरलेलं, आणि प्रत्येकाच्या पोटात गाबोळी. आम्ही ती तव्यावर भाजून खायचो. उत्तम लागायची. ज्या माशाने अंडी घालायला चढायचं त्यालाच चढणीवर धरायचं, यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. ते वाटायला मला दुसऱ्या खंडातली नदी लागली, याची लाज वाटते.

आमच्या चढणीला पाऊस लागतो. इथे पाऊस हवा, आणि मग तो थांबायलाही हवा. होह ऑलिंपस पर्वताच्या हिमनद्यांतून निघते. उन्हाळ्यात बर्फ वितळतो तेव्हा पाणी ताकासारखं दिसतं. हिवाळ्यात वरचा बर्फ घट्ट धरून बसला, पावसाचा पूर ओसरू लागला, की दोन-तीन दिवस पाण्याला एक रंग येतो. जुन्या सोड्याच्या बाटलीच्या काचेचा हिरवा. गुडघ्यापर्यंत दिसतं, पुढे गूढ. या रंगासाठी लोक नोकरीवर खोटा ताप कळवतात. मीही कळवला आहे.

नोव्हेंबर ते एप्रिल हा मासा येत राहतो. पॅसिफिकचा सामन नदीत मरायलाच येतो. अंडी घातली की संपला, त्याच्या कुजलेल्या देहावर जंगल पोसलं जातं. स्टीलहेड मरतोच असं नाही. वसंतात अंडी घालून झाली की काही मासे, हडकलेले, शेपट्या झिजलेल्या, पुन्हा समुद्राकडे निघतात. त्यातले थोडे आणखी एकदा परततात. नुसता जीव देऊन मोकळा होणारा हा मासा नव्हे, परत निघायची तयारी ठेवून तो येतो. म्हणूनच त्याचं कमी होणं मला जास्त लागतं.

जवळच्या फोर्क्स गावी आता लोक व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांमुळे येतात. त्याच गावात, एका घराबाहेर विकायला मांडलेल्या जुन्या सामानात, मला एक वही मिळाली. मासेमारीच्या नोंदींची, छापील रकान्यांची: तारीख, नदी, पाणी, लांबी, वजन. मालकाचं नाव नव्हतं. पहिली नोंद १९५८ची. अक्षर बारीक, पेन्सिलीचं, भावनांना जागा नाही. होह, सोल डक, बोगाचील. एका जानेवारीत चौदा मासे. प्रत्येकापुढे पौंडांत वजन, म्हणजे प्रत्येक मासा घरी गेलेला. नऊ, अकरा, आठ, सतरा. सतराखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ. त्या माणसाचा आनंद मला एवढाच कळतो.

त्याला दोष देववत नाही; नदीचं नुकसान एकट्या गळाने केलेलं नाही. त्याच सुमारास, थोडं उत्तरेला, व्हँकुव्हर बेटावर कॅम्पबेल नदीकाठी रॉडरिक हेग-ब्राउन राहायचा. गावचा मॅजिस्ट्रेट, आणि मासेमारीवर लिहिणाऱ्यांत मी ज्याला सर्वांत वर बसवतो असा लेखक. ‘अ रिव्हर नेव्हर स्लीप्स’ हे त्याचं पुस्तक १९४६चं, महिन्यामहिन्याने पुढे सरकणारं, आणि सुरुवात जानेवारीच्या थंडीने. पुढच्याच वर्षी त्याच्या नदीवर धरण उभं राहिलं.

वॉशिंग्टनने स्टीलहेडला राज्याचा मासा केलं ते १९६९ साली. सिअ‍ॅटल ज्या खाडीवर वसलं आहे त्या प्यूजेट साउंडच्या नद्यांतला स्टीलहेड २००७ साली संकटग्रस्तांच्या यादीत गेला. मधल्या वर्षांत काय झालं ते एका वाक्यात मावतं आणि म्हणूनच चीड येते: धरणं, सपाट केलेली जंगलं आणि त्यांचा ओढ्यात उतरलेला गाळ, रस्त्यांखालून घातलेले माशाला चढता न येणारे पाइप, माशांची पैदास करणाऱ्या हॅचऱ्या, तापलेला समुद्र. फोर्क्सच्या टपरीवर मात्र अजूनही कुणीतरी आदिवासींच्या जाळ्यांवर खापर फोडतो. होहच्या मुखाशी होह लोकांची वस्ती आहे, आपल्याआधी हजारो वर्षांची. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी जुन्या करारांचा अर्थ लावून पकडीचा निम्मा वाटा आदिवासींचा, असा निकाल दिला. तो टपरीवरच्यांना पचलेला नाही, दुसरं काही नाही. मी कॉफी संपवून बाहेर पडतो.

हॅचरीचा मासा ओळखायला सोपा. त्याच्या पाठीवरचा, शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. तो ठेवता येतो. पर शाबूत असेल तर मासा नदीचा, आणि नदीचा मासा सोडूनच द्यायचा, पाण्याबाहेर पुरता उचलायचासुद्धा नाही. २०२० च्या डिसेंबरात या किनाऱ्यावरच्या नद्यांवर होडीतून गळ टाकायला मनाई झाली, आमिषालाही. काही जण चिडले. मला पाण्यात उतरून फेकायचीच सवय, माझं काही बिघडलं नाही. पण कायदा आपल्या हातातून एकेक गोष्ट काढून घेतो तेव्हा आजारी माणसाच्या खोलीबाहेर चपला काढायला सांगतात त्याची आठवण होते.

सातवा मासा मी असा सोडला: गुडघे टेकून, शेपटीपाशी हलकेच धरून, तोंड प्रवाहाकडे. कल्ले उघडमीट करत होते. गालावर फिकट गुलाबी पट्टा उमटू लागलेला. मादी होती, पोट भरलेलं. हात बधिर, त्यामुळे तिने हात कधी सोडला ते स्पर्शाने कळलंच नाही, डोळ्यांनी कळलं. मग मी खडकावर बसलो आणि मला मामाचं घमेलं दिसलं. तिला मी किती वेळ दमवलं होतं? दहा मिनिटं? त्या दहा मिनिटांचं तिला काय मोल पडलं? या प्रश्नाला मासेमारांकडे बरीच उत्तरं आहेत, सगळी ऐकायला बरी वाटतात.

सिअ‍ॅटलहून फोर्क्सकडे येताना एल्वा नदी ओलांडावी लागते. तिच्यावर दोन धरणं होती, १९१३ आणि १९२७ सालची. २०११ ते २०१४ मध्ये ती तोडून काढली. वरच्या पाण्यात जवळजवळ शंभर वर्षं कोंडलेले ट्राउट होते, साधे, ओढ्यातले. समुद्र त्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेला नव्हता. वाट मोकळी झाली आणि त्यांच्या वंशातले मासे समुद्राकडे निघाले, चांदी चढवून परत आले. आठवण कुठे ठेवली होती त्यांनी? त्या पुलावर मी दर खेपेला गाडी हळू करतो. गळ टाकायला तिथे थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मी पक्कड घेऊन गळाचं वळण आणि टोक तोडून टाकतो. उरते पिसं बांधलेली सरळ तार. इथे असं करणारे आणखी काही आहेत, पण आम्ही एकमेकांना सांगत फिरत नाही. मासा येतो, ओढतो, आणि त्याला नको झालं की सोडतो.

यंदा २८ डिसेंबरला दुपारी, तिसऱ्या वळणाच्या शेवटी, गळ काठाला लागता लागता दोर अडला. अडला आणि चालू लागला. रिळाने चारपाच वेढे दिले. काठीतून तो जडपणा खांद्यापर्यंत आला, मान दोनदा झटकल्यासारखी जाणवली, आणि दोर सैल पडला. समोरच्या दगडावर एक डिपर पक्षी उठाबशा काढत होता, तो पाण्यात शिरला. पावणेचार वाजले होते.

त्या पेन्सिलीच्या वहीत उरलेल्या पानांवर मीच लिहितो. तारीख, होह, पाणी हिरवं. लांबीचा आणि वजनाचा रकाना रिकामा आहे.